खंडेनवमीची इस्त्री

शरदअण्णाचं लग्न अडलं होतं ते एका बल्बापायी.

मुलगी गुंजी गावची. पत्रिका जुळली होती, उंची जुळली होती. कंग्राळीतली आमची शेती मुलीच्या वडलांनी बांधाबांधानं फिरून पाहिली होती, एक ढेकूळ फोडून हुंगलंही होतं. अण्णाला कचेरीत कारकुनी होती. सगळं पसंत. अडचण एकच. आम्ही दोघे भाऊ बेळगावात हरिभाऊ वकिलांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहत होतो आणि त्या खोलीत वीज होती. मुलीचे वडील मारुतीराव यांचा निरोप आला, "पोरगं चांगलं हाय. पर विजेच्या घरात पोरगी द्यायची म्हंजे इचार कराय पायजे. आधी येऊन बघतो, मग काय ते सांगतो."

मारुतीरावांची विजेशी ओळख ऐकीव होती. त्यांच्या एका मावसभावानं हुबळीत ओल्या हातानं पंख्याचं बटण दाबलं होतं. तो वाचला, पण तेव्हापासून त्याची डावी मिशी जी वर उभी राहिली ती तेल लावूनही बसत नाही, असं मारुतीराव सांगत. लग्नकार्यात त्याला उजवीकडूनच दाखवतात म्हणे. अशा माणसानं मुलीचं नाव विद्युल्लता कसं ठेवलं? तर ते शाळेतल्या मास्तरांनी सुचवलं होतं. अर्थ कळल्यापासून मारुतीराव तिला नुसतं "ए पोरी" म्हणत.

अण्णानं मुलगी पाहिली होती. त्या दिवसापासून तो कचेरीला निघताना दोनदा भांग पाडायचा आणि भाकरी खाताना मध्येच थांबून भिंतीकडं बघून हसायचा. हे लग्न मोडलं तर त्या भिंतीचं काय होईल, याची मला काळजी होती.

बरं, वीज वीज म्हणजे आमच्याकडं होतं तरी काय? एक बल्ब आणि एक इस्त्री. कॅम्पातल्या एका गोऱ्या साहेबानं विलायतेला परत जाताना सामान विकायला काढलं, त्यातून अण्णानं ती आणलेली. भिंतीत तिची वायर जोडायला जागा नव्हती. बल्ब काढायचा आणि त्याच जागी इस्त्रीची वायर अडकवायची. म्हणजे घरात एकतर उजेड असे नाहीतर इस्त्री. वायर आढ्यापासून खाली इस्त्रीपर्यंत लोंबत असल्यामुळं नवख्या माणसाला वाटायचं, पळून जाऊ नये म्हणून आम्ही तिला बांधून घातलीय.

"केस माझ्याकडे द्या," हरिभाऊ म्हणाले. "गृहस्थाला मी विजेची सुरक्षितता सप्रमाण सिद्ध करून दाखवतो."

हरिभाऊ स्वतः विजेच्या बाबतीत फार सावध. बटण दाबायचं झालं की आधी पायांत खडावा घालत आणि बोटाऐवजी छत्रीच्या लाकडी मुठीनं बटण दाबत. त्यामुळं त्यांच्या घरात आधी खडखडाट ऐकू येई, मग उजेड पडे. त्यांच्याकडं उतरलेल्या पाहुण्यांची समजूत झाली होती की वीज चालत येते.

मारुतीरावांनी खंडेनवमीचा दिवस ठरवला. त्या दिवशी औताला सुट्टी, म्हणून त्यांना सवड.

सकाळीच आमची आई, मनुबाई, कंग्राळीहून डोक्यावर झेंडूच्या फुलांची पाटी घेऊन आली. पाटीत लिंबं होती, हळदकुंकवाच्या पुड्या होत्या.

"गावातली हत्यारं तुमचं वडील पुजत्यात," ती म्हणाली. "नांगर, कुरी, इळं, सगळं धुऊन ठेवून आलोय. तुमची हत्यारं हितं कोन पुजनार? कंची रं तुमची हत्यारं?"

अण्णा तिसऱ्यांदा भांग पाडत होता. गाडीची वेळ झाली होती. आरशापासून न वळता तो म्हणाला, "हीच की, इस्त्री."

आणि आम्ही दोघे मारुतीरावांना आणायला स्टेशनवर गेलो.

मारुतीराव गाडीतून उतरले ते बगलेत छत्री मारूनच. स्टेशनबाहेर पडल्यावर विजेचा पहिला खांब दिसताच त्यांनी रस्ता ओलांडला. पलीकडं दुसरा खांब होता. ते परत अलीकडं आले. अशा रीतीनं आम्ही तिघं नागमोडी चालत घरी पोचलो. वाटेत दोन टांगेवाल्यांनी आम्हाला सकाळी सकाळी एवढी कुठं मिळाली, असं विचारलं.

दारातून आत पाहिलं आणि अण्णाचे पाय थबकले.

खोलीच्या मधोमध पाटावर इस्त्री बसली होती. भोवती रांगोळी, अंगावर हळदकुंकू, मुठीला झेंडूची माळ, पुढ्यात कापलेलं लिंबू. इतकी चकचकीत ती साहेबाच्या घरीही कधी दिसली नसेल. वर बल्बही थोडा लाल झाला होता. तिथवर हात न पोचल्यानं आईनं कुंकू खालूनच उधळलं होतं आणि त्यातलं पुष्कळसं परत येऊन तिच्याच डोक्यावर बसलं होतं.

"आई, ही पुसून घेतलीस व्हय?" अण्णानं हळूच विचारलं. मारुतीराव अजून अंगणात उभे राहून छपरावरची तार निरखत होते.

"पुसून कशाला? चिच लावून घासली, राखुंड्यानं घासली, मग रांजनात बुडवून काढली. आत लई घान हुती बग. किती येळ बुडबुडं येत हुतं."

अण्णाचा चेहरा इस्त्रीपेक्षा पांढरा झाला. खरं सांगावं, तर मारुतीराव म्हणणार, ज्या घरात विजेच्या यंत्राला आंघोळ घालतात तिथं पोरगी कशी देऊ? न सांगावं, तर हरिभाऊ ती चालू करून दाखवायला निघालेच होते. त्यांच्या खडावा अंगणात वाजत होत्या.

मारुतीराव उंबऱ्यावरच टेकले. बल्बाखाली यायला त्यांनी नकार दिला. हरिभाऊ काळा कोट घालून, छत्री घेऊन आत आले. आभाळ स्वच्छ होतं आणि छपराखाली दोन माणसं छत्र्या घेऊन एकमेकांकडं संशयानं बघत होती.

"मारुतीराव, वीज ही गाईसारखी आहे," हरिभाऊंनी सुरुवात केली.

"आमची गाय मारती," मारुतीराव म्हणाले.

हरिभाऊंनी हा मुद्दा सोडून दिला. "आपण प्रत्यक्षच पाहू. शरद, इस्त्री आण इकडे."

"हात लावायचा न्हाय!" आई आडवी झाली. "आज हत्यार उचलत न्हाईत. उद्या दसऱ्याचं शिलंगान झालं की काय ते करा."

"बाई, हे हत्यार नव्हे. हे उपकरण आहे."

"कापडाची सुरकुती मारती न्हवं?"

"मारते. म्हणजे... हो."

"मग मारतंय ते हत्यार."

"बराबर हाय," उंबऱ्यावरून मारुतीराव म्हणाले.

हरिभाऊंचे कान लाल झाले. कोर्टात ते पुष्कळदा हरले होते, पण तिथं निदान समोर वकील असे. "ठीक आहे," ते म्हणाले, "हत्यार जागचं हलवत नाही. जिथं आहे तिथंच चालू करतो." रुमालानं धरून त्यांनी बल्ब काढला, त्या जागी वायर अडकवली, भिंतीजवळ जाऊन छत्रीची मूठ बटणाकडं रोखली.

अण्णानं एकदा मारुतीरावांकडं पाहिलं, एकदा भिंतीकडं पाहिलं. त्याच भिंतीकडं बघून तो हसत असे. मग डोळे मिटून तो ओरडला.

"हरिभाऊ, थांबा! ओली हाय ती! आईनं रांजनात बुडवलीया!"

मारुतीराव उभे राहिले.

"वरून तर कोरडी दिसते," हरिभाऊ म्हणाले.

"आत पानी हाय!"

"पुरावा?" हरिभाऊंनी विचारलं आणि शब्दावर जोर द्यायच्या भरात छत्री पुढं केली.

फाट्‌कन आवाज झाला. इस्त्रीतून निळी ठिणगी निघाली, झेंडूचं एक फूल उडून रांगोळीबाहेर पडलं, आणि भिंतीवरच्या चिनीमातीच्या डबीत फ्यूज जळाला. मग खोलीभर चिंचेच्या साराचा वास सुटला. हरिभाऊ छत्री रोखून तसेच उभे होते. पुढं बरेच दिवस त्यांना कोणी विचारलं की ते म्हणत, मी फक्त प्रश्न विचारला होता.

कुणालाच काही झालं नाही. कारण इस्त्रीला कुणी शिवलंच नव्हतं.

"म्या सांगत हुतो," आई म्हणाली, "हात लावायचा न्हाय म्हनून."

मारुतीरावांनी वाकून पाहिलं. धुरात पाट, रांगोळी, लिंबू, माळ. त्यांनी सावकाश छत्री उंबऱ्याला टेकून ठेवली आणि गुंजीपासून पहिल्यांदाच त्यांचे दोन्ही हात मोकळे झाले.

"इहीनबाई," ते म्हणाले, आणि अण्णानं डोळे उघडले. "पोरगं खरं बोललं ते तर झालंच. पर मला तुमची रीत आवडली. इस्त्रीला कोन हात लावत न्हाय, असं घर म्या आजच बघितलं. माझी एक अट हाय. खंडेनवमी रोज पाळायची."

"रोज?"

"रोज. शिलंगान करायचंच न्हाय."

आईनं अण्णाच्या तोंडाकडं पाहिलं आणि तत्काळ कबूल केलं.

तुळशीच्या लग्नानंतर अण्णाचं लग्न झालं. वीज कंपनीच्या माणसानं येऊन नवा फ्यूज घातला. इस्त्री देव्हाऱ्यात जोतिबाच्या टाकाशेजारी गेली. आई गावाहून आली की जोतिबाला एक फूल आणि इस्त्रीला एक फूल वाहायची. अण्णा चुरगळलेल्या सदऱ्यानं कचेरीत जायचा आणि खूश असायचा. हरिभाऊ मात्र देव्हाऱ्यासमोरून जाताना खाली बघत.

वहिनी महिनाभर इस्त्रीला नमस्कार करत राहिली. एके दिवशी आई देव्हारा झाडत असताना ती म्हणाली, "आत्ती, जोतिबाच्या पायाखालचं वस्त्र किती चुरगाळलंय! घरात इस्त्री असून देवाचं वस्त्र असं?"



"हत्यार न्हवं का ते?" आई म्हणाली.

"आपलं काम केलं तर हत्यार. देवाचं काम केलं तर सेवा."

आईनं इस्त्रीवरचं फूल उतरवून जोतिबाला वाहिलं आणि इस्त्री वहिनीच्या हातात दिली.  वहिनीनं आधी इस्त्री कॅम्पातल्या मिस्त्रीकडं पाठवली. त्यानं ती उघडून आतली तार बदलली, आणि आत चिंचोका कसा आला असं विचारलं. इस्त्री परत आल्यावर वहिनीनं हात पदराला कोरडे पुसले, पुन्हा पुसले, पाट ओढून त्यावर उभी राहिली, आणि देवाचं वस्त्र इस्त्री करून झाल्यावर आधी बटण बंद केलं, वायर काढली, मगच इस्त्री खाली ठेवली. गरम होती तोवर जवळ कुणाला येऊ दिलं नाही.

"सोवळ्यानं करती गं पोरगी," आईनं कंग्राळीत सगळ्यांना सांगितलं.

देवाचं वस्त्र झालं की इस्त्री गरमच असायची. मग अण्णाचा सदरा प्रसाद म्हणून व्हायचा. मग माझा. मग हरिभाऊंचा काळा कोट, तोही प्रसाद म्हणूनच, कारण त्यांना एकट्यांनाच वगळणं बरं दिसलं नसतं.

पुढच्या खंडेनवमीला मारुतीराव अट तपासायला आले. दारातून त्यांनी पाहिलं, तर त्यांची पोरगी पाटावर उभी, इस्त्री हातात, आणि इस्त्रीखालच्या दमट वस्त्रातून वाफ निघतेय.

"ए पोरी!" ते ओरडले. "अटीचं काय?"

"आप्पा, देवाचं चाललंय," ती म्हणाली. "मधी बोलू नका. आधी तुमचा फेटा द्या इकडं."

देवाच्या कामात मध्ये कसं बोलायचं? मारुतीरावांनी फेटा उतरवून दिला आणि तो परत येईपर्यंत उघड्या डोक्यानं, डोळे मिटून, हात जोडून उभे राहिले. फेटा गरम गरम डोक्यावर बसला तेव्हा त्यांनी एकदाच "लई ऊब हाय" म्हटलं.

संध्याकाळच्या गाडीत त्यांना बसायला जागा मिळाली होती. पण मागच्या फळीला फेटा टेकला असता. प्रसाद चुरगळायचा नाही म्हणून मारुतीराव गुंजीपर्यंत उभ्यानं गेले.