शिवलेले खिसे

"हे बटण बघा, आणि माझ्या नवऱ्याला आत टाका!" असं म्हणून तिने शर्ट साहेबांच्या टेबलावर आपटला.

साहेबांनी चहाचा कप उचलून सुरक्षित जागी ठेवला. "ताई, गेल्या खेपेला आपली मुलगी समजून स्टॉपवरच्या पोरीचा हात धरलात. तिच्या बापाच्या शिव्या मी खाल्ल्या. त्याआधी भिंतीपलीकडं ओळखीची शिंक ऐकू आली म्हणून शेजाऱ्यांचं घर उघडायला लावलंत. आज बटण. उद्या काय आणणार?"

"उद्या तुमच्या बदलीचे पेढे."

दारातला हवालदार फिसकन हसला आणि मग उगाच खोकला.

पोलीस ठाण्यातला बाक माणसाने बसावं म्हणून नसतो, उठून जावं म्हणून असतो. ती दोन वर्षं त्या बाकावर बसत आली होती. मुलगी एका सकाळी कामावर म्हणून गेली ती गेलीच. साहेबांनी तेव्हा एकच प्रश्न विचारला होता, "घरात काही भांडण?" ती म्हणाली होती, नाही. मग फाईल उघडली, आणि उघडी ठेवूनच सगळे झोपी गेले. नणंद म्हणाली, वहिनी, आता मन घट्ट करा, तिची खोली भाड्यानं द्या. म्हणजे मेलेलीच धरली सगळ्यांनी. शोक करा म्हणाले, जसं काही शोक म्हणजे औषध, रोज चमचाभर घेतलं की झालं!

"नीट ऐका," ती म्हणाली. "हा ट्रक घेऊन गेला तेव्हा हे बटण तुटलेलं होतं. परत आला तर लावलेलं. आणि बघा, बटणाच्या मानेला दोरा कसा गुंडाळलाय. उलटा. माझी पोरगी डावखुरी. मी तिला समोर बसवून शिकवलं, आरशात बघितल्यासारखं ती शिकली. असं बटण जगात दुसरं कोणी लावत नाही."

साहेबांनी डोळे चोळले. "स्पष्ट बोलू? नवऱ्याची बाहेर कुठंतरी बाई असेल. ती डावखुरी असेल."

"बाई असती तर मी तुमच्याकडं कशाला आले असते? तिच्याकडंच गेले असते. यानं माझ्या पोरीला कुठंतरी डांबून ठेवलंय. गेल्या पावसाळ्यापासून डबा दुप्पट भरून मागतोय. म्हणे, जोडीला एक ड्रायव्हर असतो. मी मालकाला विचारलं. कुणी नसतो जोडीला."

इथे साहेबांनी बाईचं ऐकायला हवं होतं. पण त्यांनी फोन उचलला आणि नेहमीसारखा नवऱ्यालाच लावला. "हो, आल्यात. हो, पुन्हा. घेऊन जा."

नवरा आला. हवालदाराला नमस्कार, साहेबांना नमस्कार, सगळ्यांची माफी. शर्ट त्याने टेबलावरून उचलला तेव्हा त्याचं बोट त्या बटणावर क्षणभर थांबलं. ते फक्त तिने पाहिलं.

ट्रकच्या केबिनमध्ये ती दाराला चिकटून बसली. बाजाराचा चौक आला. घर उजवीकडे. त्याने चाक वळवलं नाही.

"घर मागं राहिलं."

त्याने गिअर टाकला.

"अहो, घर मागं राहिलं!"

कारखान्यांच्या भिंती संपल्या, गोदामं संपली. पंचवीस वर्षं या माणसाचे कपडे धुतले, त्याच्या घामाचा वास अंधारात ओळखला असता, आणि हा माणूस कोण आहे हे काही सांगता येईना. तिने दाराच्या कडीला हात घातला. चालत्या ट्रकमधून उडी मारली तर हाड मोडेल, पण सांगायला जीव तरी राहील. सांगायचं कुणाला? त्या चहावाल्या साहेबाला?

एका बंद वजनकाट्यापाशी त्याने ट्रक थांबवला. किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात चाकावर ठेवून समोर बघत म्हणाला, "ठकी बरी आहे."

ठकी हे त्याने मुलीला ठेवलेलं नाव. दोन वर्षांत त्याच्या तोंडून ते पहिल्यांदा आलं.

"कुठं आहे?"

"ते विचारू नकोस. मला शपथ घातलीय तिनं. आईला कळलं तर इथूनही जाईन म्हणाली. मग मलाही सापडणार नाही."

"मी काय खाते तिला?"

"खिसे," तो वैतागून म्हणाला. "अगं, खिसे! किती वेळा सांगितलं, तिच्या खिशात हात घालू नकोस!"

ती कामाला होती त्या लॉन्ड्रीत तिला खिसेवाली म्हणूनच ओळखायचे. हॉटेलांचे, दवाखान्यांचे, लोकांचे कपडे मशीनमध्ये जाण्याआधी तिच्या टेबलावर यायचे. कुणाचं पेन, कुणाचं ब्लेड, कुणाची अंगठी. एक पेन राहिलं तर शंभर चादरी निळ्या. हाताला सवयच ती. घरीही हात आपोआप जायचा. पोरीच्या खिशातलं तिकीट, गोळ्यांची रिकामी पट्टी, एका पोराचा फोन नंबर, सगळं जेवणाच्या टेबलावर मांडून ती विचारायची, हे काय? हे कुणाचं? त्या पोराच्या आईला तिने फोन केला होता. मग पोरीच्या दुकानाच्या मालकाला. पोरीची नोकरी गेली, तो पोरगा तोंड दाखवेना. दुसरी नोकरी लागली, आणि महिन्याभरात पोरगी घरातून गेली.

"आई आहे मी," ती म्हणाली. "काळजी वाटायची."

"तिला चोर असल्यासारखं वाटायचं."

मग एकदम तिच्या डोक्यात काहीतरी लखकन पेटलं आणि ती त्याच्याकडे वळली.

"शवागारात ओळख पटवायला नेलं तेव्हा माझ्या शेजारी उभा होतास." आयुष्यात पहिल्यांदाच तिने त्याला तोंडावर अरे-तुरे केलं. "दोन्ही वेळा. त्यांनी चादर वर केली. माहीत होतं तुला?"

"पहिल्यांदा नव्हतं. देवाशप्पथ नव्हतं."

"आणि दुसऱ्यांदा?"

तो चाकाकडे बघत राहिला.

"दुसऱ्यांदा, अरे? मी भिंत धरून उभी होते. तू मला पाणी पाजलंस. पाणी!"

तिने त्याला मारलं. खांद्यावर, पाठीवर, जिथे हात पोचेल तिथे. त्याने अडवलं नाही. दमली तेव्हा तो म्हणाला, "डबा तिच्यासाठीच नेतो. तुझा विषय काढत नाही. पण तुझ्या हातचं आहे हे तिला कळतं. डबा पुसून खाते."

याचं काय करायचं ते तिला कळेना. राग तसाच होता आणि त्याच्या आत हे येऊन बसलं.

"घरी चल," ती म्हणाली.

घरी येऊन तिने पेटी उघडली. तळाशी मुलीचं निळं जाकीट कोंबलेलं होतं. जायच्या आदल्या रात्री पोरीने त्याचे दोन्ही खिसे शिवून टाकले होते आणि ते खुंटीला अडकवून ती गेली होती. साहेबांना हे तिने कधी सांगितलं नाही. सगळं गाव पालथं घातलं, पण पेटीत कोंबल्यावर या जाकिटाला पुन्हा हात लावला नाही. त्याचा अर्थ तिला पहिल्या दिवसापासून कळत होता.

खिडकीपाशी बसून तिने टाके उसवले. उलटे, बारीक, घट्ट टाके. शिकवलं तसेच.

"उद्या जाताना हे ने," ती नवऱ्याला म्हणाली. "थंडी पडेल आता."

"काय सांगू तिला?"

"काही नको. ती बघेल."

तिने इस्त्री गरम केली. कॉलर, बाह्या, पाठ. मग पहिला खिसा, बाहेरूनच, तळहाताने सपाट करून. दुसऱ्या खिशावर इस्त्री अडखळली. आत काहीतरी कडक होतं, लहानसं, दोन वर्षं तिथेच शिवून ठेवलेलं.

नवऱ्याने पाहिलं.

तिची बोटं खिशाच्या तोंडापाशी आली. तिने ती मुठीत मिटली, आणि इस्त्री त्या उंचवट्याला वळसा घालून पुढे नेली.