शिशाचा एप्रन आणि सोनूचा करगोटा

मी एक्स-रेच्या खोलीतला शिशाचा एप्रन बोलतोय. अंबरनाथला शिवमंदिराजवळच्या एका सेंटरमध्ये दाराशेजारी टांगलेला असतो. डाव्या खांद्याची शिवण उसवलीय, बाकी ठणठणीत.

माझं काम अडवण्याचं. किरण मांसातून आरपार जातात, हाडाशी बरेचसे अडतात, धातूपुढे तर त्यांचं काहीच चालत नाही. म्हणून फोटोत हाड पांढरं दिसतं आणि धातू पांढराशुभ्र. मशीन माणसाच्या आतलं बघतं, मी आपला बाहेरचे चेहरे. शेजारच्या खोलीतली सोनोग्राफी ध्वनिलहरींवर चालते. तिला माझी गरजच नाही, त्यामुळे ती जरा भावच खाते.

परवा मांजर्लीची स्वप्नाली आली. कडेवर दोन वर्षांचा सोनू. त्याच्या हातात उघडा रिमोट सापडला होता आणि आतला बटणाएवढा सेल गायब. गिळला असेल तर तो आतून भाजतो, तेव्हा आधी फोटो काढा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

टेक्निशियन जयदेवने मला तिच्या अंगावर चढवलं. “ताई, बाळाचे दागिने काढलेत ना?”

“दागिने कुठले? मुलगा आहे हो!”

तिने सोनूला घट्ट धरलं. फोटो निघाला. पडद्यावर, अगदी पोटात, पांढरंशुभ्र गोल!

तिचं काळीज माझ्यावर धडधड आपटायला लागलं. “रिमोट मीच खाली ठेवला. मी कसली आई!”

जयदेवने सोनूचा शर्ट वर केला. कमरेला काळा दोरा, त्यात चांदीची चकती.

“हे काय मग?”

“करगोटा.”

“दागिना नाही?”

“करगोटा कुठे दागिना असतो? तो तर असतोच अंगावर!”

जयदेव हसला, मग ओशाळला. “चूक माझीपण. मी बघायला पाहिजे होतं.”

करगोटा सोडून दुसरा फोटो काढला. सेंटरच्या डॉक्टर मॅडमनी तो गळ्यापासून कमरेपर्यंत दोनदा निरखला. “काहीच नाही. सेल घरातच आहे, आधी तो शोधा.”

सोनूने मॅडमना टाटा केला. स्वप्नाली रडता रडता हसली आणि एकदम वाकलीच. “अगं बाई! केवढं जड आहे हे! काढा हो आधी!”

एवढा वेळ तिला माझं वजन कळलंच नव्हतं.

म्हणून एकच विनंती. कधी आमच्याकडे यावं लागलंच, तर जाताना माझ्या नावाने खुशाल कुरकुर करा. तुमचं सगळं ठीक निघालं, एवढं मला त्यावरून समजतं.