ठकीच्या वाटेतली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. खुर्चीचा जन्म बसायला जागा देण्यासाठी, असं तुम्ही म्हणाल. माझ्या नशिबी मात्र आडवं येणं लिहिलं होतं.

सुताराने मला आणि माझ्या बहिणींना जीव ओतून घडवलं आणि जनावरांच्या डोळ्यांच्या दवाखान्यात पाठवलं. बाहेरच्या खोलीत आम्ही ओळीने उभ्या असायचो. मोतीबिंदू झालेलं मांजर मांडीवर घेऊन कुणी बसे, डोळ्यात फूल पडलेल्या घोडीचा मालक नुसताच उसासे टाकत बसे. "खुर्ची भक्कम आहे हो," असं एक आजोबा म्हणाले होते. तेवढंच काय ते माझं कौतुक. पुढे लोखंडी बाकं आली आणि आमची रवानगी मागच्या लांब बोळात झाली. तिथे आम्हाला भडक रंग फासले. माझ्या वाट्याला लाल आला.

त्या बोळात डोळ्यांवरच्या नव्या औषधाची परीक्षा चालायची. ठकी नावाची एक बुटकी, तपकिरी कुत्री होती. डोळ्यांचे पडदे हळूहळू वाळत जाण्याचा आजार तिला जन्मापासूनच होता. तिच्या उजव्या डोळ्यात औषध टोचलं होतं. डाव्या डोळ्यावर पट्टी बांधून तिला बोळाच्या एका टोकाला सोडायचं, दुसऱ्या टोकाला डॉक्टरबाई वाडगं घेऊन उभ्या राहायच्या आणि मधे आम्ही खुर्च्या आडव्यातिडव्या. न धडकता आली तर तिला दिसतंय. डोळे तपासायच्या यंत्रावरच्या रेघा एक दिवस हो म्हणत, एक दिवस नाही. म्हणून सगळी भिस्त आमच्यावर होती. दर वेळी आमची मांडणी बदलायची असे, आणि ते काम झाडलोट करणाऱ्या मावशींकडे होतं.

मावशींच्या लेकीला हाच आजार होता. दिवस कलला की पोर भिंत चाचपत चालायची.

मला पुसता पुसता मावशी एकदा म्हणाल्या, "बाई, ठकीला गुण आला तर माणसांनाही देतील ना हो हे औषध?"

"आधी ठकीला तर दिसू दे. आत्तापासून गुडघ्याला बाशिंग नको, मावशी," डॉक्टरबाई हसून म्हणाल्या.

सुरुवातीला ठकी माझ्यावरच आदळायची. एकदा तिचं नाक फुटलं. मावशींनी केरसुणी टाकली, तिचं तोंड मांडीवर घेतलं आणि फुंकर घालत राहिल्या. "अगं बाई गं, लागलं का माझ्या राणीला? मेल्या या खुर्च्या!" मला फार वाईट वाटलं. पण लाकडाला सरकता थोडंच येतं?

त्यानंतर मावशी निळ्या बहिणीच्या जागी मला ठेवू लागल्या, माझ्या जागी पिवळीला. रंगांची अदलाबदल व्हायची, मधली वाट तीच राहायची. डॉक्टरबाईंच्या चांगल्या डोळ्यांना मांडणी नवी वाटे. ठकीने ती वाट पाठ केली. मावशींचा तो नेमच झाला, अगदी देवापुढे दिवा लावावा तसा.

आणि एके दिवशी ठकी शेपूट हलवत, डौलात वळणं घेत पार पलीकडे पोहोचली. मिशीचा केससुद्धा मला लागला नाही.

"मावशी! अहो, दिसतंय हिला!" डॉक्टरबाईंनी टाळ्याच पिटल्या.

मला वाटलं, आता तरी मावशी सांगतील. त्या माझी पाठ धरून उभ्या होत्या. बाई एवढ्या शिकलेल्या, त्या म्हणतात म्हणजे औषधच लागू पडलं असणार, आपल्या खुर्च्यांनी असं काय होतंय, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. मित्रांनो, आशा मोठी लबाड. ती देवाचं नाव घेऊन दारात येते, मग तिला परत कोण पाठवणार?

मावशी रजा घेऊन लेकीला मोठ्या इस्पितळात घेऊन गेल्या. त्या दिवशी डॉक्टरबाईंनी स्वतःच्या हाताने आम्हाला मांडलं. ठकी नेहमीच्या भरवशाने धावत आली आणि सगळ्या जोरानिशी माझ्यावर आदळली. माझा पाय कडकन मोडला. बाईंनी तिला उचललं, गोंजारलं, मांडणी बदलून पुन्हा सोडलं. ती पिवळीवर आदळली.

दुसऱ्या दिवशी मावशी हसतच आल्या. "बाई, या औषधासाठी नाव लिहून घेतलं हो पोरीचं! म्हणाले, कुत्र्यांना गुण येतोय तर..."

"मावशी, खुर्च्या कशा लावत होता तुम्ही?"

मावशींचं हसू तिथेच विरलं. त्या एवढंच म्हणाल्या, "तिच्या नाकाला लागायचं हो."

डॉक्टरबाई ओरडल्या नाहीत. "तुमच्यामुळे काही बिघडलं नाही, मावशी. औषध लागूच पडलं नव्हतं. आपल्याला कळलं उशिरा, इतकंच."

"मग माझ्या पोरीला?"

"आज तरी आपल्याकडे दुसरं काही नाही."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मावशींना रडायला निमित्त तरी मिळालं असतं.

परीक्षा बंद पडली. माझ्या बहिणींना उचलून नेलं. मी तीन पायांची, भिंतीला टेकून उरले. एका तिन्हीसांजेला मावशी लेकीला ठकीची भेट घडवायला घेऊन आल्या. बोळात उजेड नव्हता. मावशींनी पलीकडच्या टोकाहून ठकीला हाक मारली.

बोळ साफ मोकळा होता. तरी ठकी आधी डावीकडे वळली, मग उजवीकडे, आणि जिथे मी उभी असायचे त्या रिकाम्या जागेलाही जपून वळसा घालून आली.

त्या अंधारात पोरीला समोरची भिंतसुद्धा दिसत नव्हती, आणि आईने सांगितलेल्या खुर्च्या उचलून नेल्याचं तिला ठाऊक नव्हतं. फरशीवर वाजणारी नखं मात्र ती कान देऊन ऐकत होती. "आई, कशी वळत वळत आली गं! एकाही खुर्चीला धडकली नाही. दिसतंय तिला! मग मलापण दिसेल ना?"

मावशींनी त्या रिकाम्या बोळाकडे पाहिलं. पोरीच्या डोक्यावर हात ठेवला.

"हो गं बाई," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, ज्याच्यावर आपला जीव असतो त्याला लागू नये, असं वाटणारच. पण त्याच्या वाटेत खुर्ची आहे, एवढं तरी त्याला सांगत जा. मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.