पुठ्ठ्याला चिकटलेले शेवटचे पान

मी एक जुना कथासंग्रह आहे. एका शाळेच्या वाचनालयात, खिडकीजवळच्या कपाटात माझा मुक्काम असतो. मित्रांनो, आज मी तुमच्याशी गोड बोलणार नाही. फार वर्षे मनात साचले आहे.

छापखान्यातून आलो तेव्हा माझ्या पोटात नऊ कथा होत्या. पहिल्या वर्षी दोन बहिणींनी मला आधी कोण वाचणार यावरून अशी ओढाताण केली की माझी शिवणच उसवली. त्याचे मला दुःख नाही. दुःख झाले ते दुरुस्तीचे. शिपायाने घाईघाईत भसाभस खळ फासली आणि माझे शेवटचे पान मागच्या पुठ्ठ्याला चिकटून बसले. त्या पानाच्या पाठीवर माझ्या शेवटच्या कथेचा शेवट होता.

कथा एका शिंप्याची. नऊ वर्षे त्याचा धाकट्या भावाशी अबोला. भाऊ येणार असे कळते, तेव्हा तो आठवणीतल्या मापाने त्याच्यासाठी कोट शिवतो. दारावर थाप पडते. ‘शिंप्याने कडी काढली, आणि’... इथे पान संपते. पुढचे सारे पुठ्ठ्यात.

पुढे हीच कथा अभ्यासाला लागली. मी हरखलो! माझ्या प्रती बाजारात मिळेनात, म्हणून वर्गात पुस्तक मी एकटा आणि मुलांच्या हाती गाईड. भाषेच्या बाई मला वाचत शेवटाशी आल्या, थबकल्या, “पान फाटलंय वाटतं,” म्हणाल्या आणि त्यांनी गाईड उघडले. त्यात छापले होते: ‘दारात भावाच्या मृत्यूची बातमी घेऊन आलेला मनुष्य असतो. धक्कातंत्राचा उत्तम नमुना. कोट हे अपुऱ्या प्रेमाचे प्रतीक.’

हे त्या गाईडवाल्याने कुठून आणले, देव जाणे!

अकरा वर्षे हेच चालले. कथानक, पात्रे, वातावरणनिर्मिती, संघर्ष, प्रतीक. माझ्या समासात पेन्सिलीने ‘महत्त्वाचे’, ‘तीन गुण’ असे लिहिले गेले. मला ओरडावेसे वाटे, ‘अहो, तो मेलेला नाही!’ पण तोंड कुठे होते मला? एकदा एका मुलीने विचारले, “बाई, मग त्या कोटाचं काय झालं?”

“ते परीक्षेत विचारत नाहीत. प्रतीक लिही.”

मी आतल्या आत जळत राहिलो. बाई काही वाईट नव्हत्या हो. साठ मुले, त्यातून संपवायचा अभ्यासक्रम. पण माझा शेवट त्यांच्या बोटाखाली होता आणि त्या रोज तो मिटून ठेवत होत्या.

शेवटी माझी पाठच मोडली, तेव्हा मला बांधणीला दिले. तिथल्या बाइंडर मावशींना हातात आलेले पुस्तक वाचल्याशिवाय करमत नसे. त्यांचे यजमान कुरकुरले, “अगं, शिवायला दिलंय, वाचायला नाही.”

“दार उघडलं आणि पुढं काहीच नाही! असं कुणी सोडतं का माणसाला?” मावशी म्हणाल्या. त्यांनी माझा पुठ्ठा बोटांनी चाचपला. “थांबा, हा जरा जाडच लागतोय.” ओले फडके ठेवून, खळ भिजू देऊन, त्यांनी पान इतके हळू सोडवले की माझा एकही शब्द फाटला नाही.

दुसऱ्या दिवशी मावशी स्वतः शाळेत आल्या.

“बाई, पान फाटलं नव्हतं. चिकटलं होतं.”

बाईंनी उभ्याउभ्याच वाचले. दारात भाऊच होता. आजारपणाने अर्धा झालेला. नवा कोट त्याच्या खांद्यांवरून ओघळला. शिंपी टाचण्या हातात घेऊन म्हणाला, ‘बस. दोन्ही बाजूंनी आत घेतो.’

“पण तो तर मेलेला असतो...” बाई पुटपुटल्या.

“कोण म्हणालं?” मावशींनी विचारले.

बाई खुर्चीत बसल्या. “मीच. अकरा वर्षं मीच सांगत आले.”

त्याच दिवशी त्यांनी वर्गात ते पान मोठ्याने वाचले आणि आपली चूक सांगितली. मागून एक आवाज आला, “बाई, परीक्षेत काय लिहायचं? गाईडमध्ये तर तो मेलाय.”

“वाचलंस ते लिही. इथं धक्का नाहीच.”

“आणि गुण कापले तर?”

“मी नाही कापणार. बाहेरचे परीक्षक कापतीलही,” बाई खरे तेच बोलल्या.

लगेच चार-पाच जणांनी पुन्हा गाईड उघडले. माझा संताप संताप झाला.

मित्रांनो, तंत्रांची नावे जरूर शिका, त्यांच्याशी माझे भांडण नाही. पण आधी मला शेवटपर्यंत वाचा. पान अडले तर ते का अडले, एवढे तरी विचारा. त्या अकरा वर्षांतली मुले आता मोठी होऊन कुठे कुठे गेली. त्यांच्या लेखी तो भाऊ अजूनही मेलेलाच आहे. मी या कपाटातून त्यांच्यापर्यंत कसा पोहोचणार? तुमचा दादा किंवा ताई त्यांच्यापैकी असेल, तर एवढा निरोप सांगा: तो आला होता.