जेवणाआधीचा चौदावा विषय

लोकशाही तिच्या शुद्ध रूपात जगात कुठे शिल्लक असेल, तर ती न्यू हॅम्पशायरच्या डोंगरातल्या आमच्या हार्लो गॅप गावच्या मार्चमधल्या ग्रामसभेत. इथे प्रत्येक माणूस स्वतः येतो आणि स्वतः मताचं कार्ड वर करतो. येतो तो दुपारच्या हॅम आणि बीन्ससाठी, ही गोष्ट वेगळी.

ते जेवण चर्चच्या बायका रांधतात आणि त्यांची म्होरकी लोर्ना बॅचेल्डर. यंदा चौदावा विषय तिच्या जिवाला लागला होता. लॉटरीची तिकिटं गावात होतीच. आता गस थिबोडोच्या हॉटेलात लॉटरीचा टीव्हीसारखा पडदा लावायचा, ज्यावर दर पाच मिनिटांनी आकडा फुटणार. लोर्नाचा मुलगा रॉइस जुगारात घर घालवून आईकडे परतला होता. वर्षभर त्याने पत्त्याला हात लावला नव्हता. रोज संध्याकाळी तो जेवायचा गसकडेच, कारण गावात दुसरं हॉटेल नाही. लोर्नाने दारोदार फिरून विरोध जमवला. सगळ्यात पक्की मतं तिच्या स्वयंपाकघरातली, नऊ बायकांची.

चौदावा विषय जेवणानंतर यायचा होता. गस उठून म्हणाला, "हॅमला अजून वेळ आहे म्हणे. तोवर हा उरकून टाकू."

"कुणाची हरकत?" सभापती एल्विनने विचारलं.

हरकत असणाऱ्या आत कांदा चिरत होत्या.

रॉइस धावत स्वयंपाकघराच्या दारात गेला. "आई, चौदावा घेतलाय!"

"आले रे. बीन्स खाली लागतील, एवढे उतरवते."

चर्चा लांबेल हा तिचा अंदाज चुकीचा होता असं म्हणवत नाही. बर्फ काढायच्या गाडीवर आम्ही त्याच सकाळी दीड तास भांडलो होतो. पण आता सगळ्यांना भूक लागली होती. कुणी तोंड उघडलं नाही. नऊ बायका ओव्हनच्या जाड हातमोज्यांनिशी बाहेर आल्या, तेव्हा विषय पाच मतांनी मंजूर झालेला होता. कार्डं त्यांच्या एप्रनच्या खिशात होती.

"एल्विन, परत मत घे," लोर्ना म्हणाली.

"अगं, नियम आहे. जिंकलेल्यांपैकी कुणीतरी मागायला हवं."

जिंकलेले रांगेत ताटं घेऊन उभे होते. लोर्नाने सगळ्यांना वाढलं. गसला सफरचंदाचा गोड पाय दोनदा वाढला.

"बीन्स फर्स्ट क्लास झालेत, लोर्ना."

"खाली लागले नाहीत ना?"

"छे, अजिबात नाही."

पुढच्या आठवड्यात रॉइसने बॅग भरली. शेजारच्या मेन राज्यात मावसभावाच्या लाकडाच्या गिरणीत काम होतं.

"घरी जेव की रे," लोर्ना म्हणाली. "मी काय वाईट करते?"

"आई, मी तिथे जेवायला थोडाच जातो? चार माणसांत बसायला जातो. त्या पडद्यासमोर रोज बसायचं तर... माझी मलाच खात्री नाही."

तिने डब्यात बीन्स दिले. त्याने नेले.

जूनमध्ये लॉटरी खात्याचा सरकारी माणूस पडद्यासाठी भिंत बघायला आला. गसने त्याला कॉफी दिली. तो कॉफी प्याला, भिंत बघितली आणि हॉटेलचा दारूचा परवाना बघायला मागितला. कायद्याने त्याशिवाय पडदा बसत नाही.

हार्लो गॅपमध्ये दारूचा परवाना कुणाकडेच नाही.