लोणच्याचं मीठ

लढाईचं चौथं वर्ष. लोणच्यासाठी पाच शेर मीठ घेतलं आणि पदराखाली झाकून घरी आणलं, एवढीच माझी चूक. लोणच्याच्या मिठावर नजर पडली की लोणचं नासतं, असं आमच्या महाल वस्तीत मानतात. शेजारच्या इंदुताईंनी ते झाकलेलं ओझं पाहिलं, आणि जेवणं आटपायच्या आत "मीठ संपून राहिलं" असं गल्लीभर झालं.

आमचे हे शाळेत विज्ञान शिकवतात. त्यांची पुस्तकं मी दुपारची वाचते. उष्णता गरमाकडून गाराकडे आपसूक जाते, उलटी फिरवायची तर कष्ट पडतात, हे तिथलंच. भीतीचंही तसंच निघालं, आपसूक पसरली. वरणात कुणी चिमूटभर जास्त घालणार नव्हतं, तरी ज्याला त्याला पोतंभर मीठ हवं झालं. मला हसूही आलं.

तेवढ्यात शेजारची पुष्पलता धावत आली. "काकू, सुमतीताई ताराचंदच्या दुकानात चेंगरून राहिली वं!"

सुमती माझी लेक. पहिल्या बाळंतपणाला आलेली, सातवा महिना. घरात मीठ आहे हे तिला माहीतच नव्हतं. नजरेच्या धाकानं मी तिच्यापासूनही लपवलं होतं.

मिठाची पिशवी उचलून धावले. ताराचंदनं घाबरून एक दार लावलं होतं. ते पाहून मागचे आणखी रेटत होते. सुमती चौकटीला दाबली गेलेली, दोन्ही हात पोटावर. ती ओरडत नव्हती. मग मीच ओरडले.

"ताराचंदभाऊ, दोन्ही दारं उघडा!"

"लुटतील ना, बाई!"

उकळत्या भांड्यावर झाकण दाबून धरलं होतं यानं. मी समोरच्या ओट्यावर चढले आणि पिशवी उपडी केली.

"हे पाहा! लोणच्याचं मीठ. लावा नजर, खुशाल लावा! न्या कोणाले पाहिजे ते!"

"लोणच्याचं? मंग झाकलं काहून?" इंदुताई गर्दीतून ओरडल्या.

"तुमच्याच नजरेले भिऊन वं!"

कोणीतरी हसलं. मागचे वळले, पुढचा रेटा वीतभर सैल झाला. ताराचंदनं दुसरं दार उघडलं. आत छतापर्यंत मिठाची पोती.

सुमती पायरीवर येऊन बसली, पांढरीफटक.

"आई, बाळ हलून नाही राहिलं वं."

मी खारट हात तिच्या पोटावर ठेवला. वाचलेलं एक अक्षर आठवेना. गल्ली मीठ विसरून भोवती जमली. इंदुताईही.

मग तळव्याखाली एक ढुशी बसली.

"हललं," म्हणत सुमती रडायला लागली. मी हात काढला नाही.