बंदची पाटी

लिफ्ट दुरुस्त करण्यात बावीस वर्षं घालवलेल्या मिस्त्रीला त्याच्याच पाठीने दगा दिला. मणक्याचं ऑपरेशन झालं आणि कंपनीने बजावलं, दहा आठवड्यांत हत्यारांची पेटी घेऊन सहा मजले चढून दाखवा, नाहीतर गोदामात बसा. गोदामात! स्क्रूच्या पुड्या वाटत!

डॉक्टर म्हणाले होते, व्यायाम करा, पण जाणकाराच्या देखरेखीखाली. आता असा जाणकार शोधायचा कुठे? बायकोच्या भावाने एका 'सरां'चं नाव सुचवलं. मेहुण्याची शिफारस म्हणजे जरा जपूनच, पण गेला बापडा.

सरांच्या जिममध्ये चारी बाजूंना आरसे आणि प्रत्येक आरशात सर. दंड असे की शर्टाच्या शिवणीची कीव यावी. "काका, आठ आठवड्यांत वाघ करून सोडतो!" म्हणाले, पाठीबद्दल एक अक्षर विचारलं नाही. भिंतीवर प्रमाणपत्रांची रांग होती. लिफ्टमध्ये शिरलं की तपासणीच्या कागदावरची तारीख वाचायची, ही मिस्त्रीची जुनी खोड. त्याने चष्मा चढवला. एकाची मुदत तीन वर्षांपूर्वीच संपलेली. दुसऱ्यावर मोठ्या अक्षरात 'पाठदुखी' आणि खाली बारीक अक्षरात, दोन दिवसांच्या शिबिराला हजर होते, एवढंच.

"कागद बघून बॉडी बनत नाही, काका," सर हसले.

"खरंय," म्हणत मिस्त्रीने काढता पाय घेतला.

दवाखान्यातल्या नर्सने मग एका बाईंचा पत्ता दिला. बेकरीच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एक खोली, भिंती कोऱ्या. प्रमाणपत्र मागितल्यावर बाईंनी कपाटातून फाईल काढली, संस्थेचा नंबर दिला, शिवाय त्यांच्याकडे शिकून गेलेल्या दोघांचे. "आधी चौकशी करा, मग बोलू." मिस्त्रीने बाहेर उभं राहून तिन्ही फोन लावले. मुदत चालू, नाव खरं. एक जण म्हणाला, "फार अडवतात हो. पण परत दवाखान्याचं तोंड पाहिलं नाही."

मिस्त्री खुशीत आत आला. बाईंनी अर्धा तास नुसते प्रश्न विचारले, मग एकेका पायावर उभं करून दहा वेळा टाच उचलायला सांगितली. डावी दहादा उठली. उजवी तिसऱ्यांदा उठेचना.

"दारातून येताना उजवी चप्पल निसटली तुमची," बाई म्हणाल्या. "पायाला मुंग्या येतात?"

मिस्त्रीने उजवा पाय मागे घेतला. पंधरा दिवस येत होत्या. डॉक्टरांना सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. सांगितलं की गोदाम ठरलेलंच!

"मग आज व्यायाम बंद. मी चिठ्ठी देते, डॉक्टरांना दाखवा. ते हो म्हणेपर्यंत पाण्याची बाटलीसुद्धा उचलू देणार नाही."

मिस्त्रीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "अहो, दहाच आठवडे आहेत माझ्याकडे! तुम्ही शिकवणार आहात की घरी पाठवणार?"

"आज घरी पाठवणार."

तणतणत तो लिफ्टमध्ये शिरला. सवयीने तारीख वाचली आणि त्याला गेल्या वर्षीची गोष्ट आठवली. एका इमारतीत लिफ्टचा दोर झिजलेला दिसला म्हणून त्याने 'बंद' अशी पाटी लावली, तर एका साहेबांनी त्याचे बापजादे काढले. तो ढिम्म हलला नाही. "शिव्या द्या, साहेब, पण जिन्याने जा," म्हणाला. आणि आज तो स्वतः त्या साहेबांसारखाच ओरडून आला होता! त्याला लाज वाटली, पण छातीवरचं ओझंही उतरलं. पंधरा दिवस एकट्याने लपवलेलं कुणीतरी ओळखलं होतं. लिफ्ट खाली पोचली तरी तो आतच उभा होता.

"अगं, उजव्या पायाला मुंग्या येतात," घरी येऊन त्याने सांगून टाकलं.

"चप्पल फरफटताय ती दिसत नाही का मला? तुम्ही कधी सांगताय याचीच वाट बघत होते." बायकोने डोळे पुसले आणि दवाखान्यात फोन लावला.

नसेला सूज होती, औषधाने उतरण्यासारखी. "वजन उचललं असतंत तर पाऊल कायमचं लुळं पडलं असतं," डॉक्टर म्हणाले. बायकोचा जीव भांड्यात पडला. डॉक्टरांच्या पत्रावर कंपनीने सहा आठवडे वाढवून दिले. तेही मागून मिळतात, हे मिस्त्रीच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मग बाईंनी सुरुवात केली, अगदी टाचेपासून. बाराव्या आठवड्यात त्या वजन वाढवायला निघाल्या, तोच मिस्त्री म्हणाला, "बाई, थांबा. सकाळपासून जरा मुंग्या आहेत."

बाईंनी वजन खाली ठेवलं. "आता मला तुमची काळजी नाही," त्या म्हणाल्या. मुंग्या दोन दिवसांत गेल्या.

सोळाव्या आठवड्यात सहाव्या मजल्यावर पेटी टेकवून मिस्त्रीने आधी बायकोला फोन केला. "अगं, पोचलो."

"आणि पाय?"

"दोन्ही आलेत बरोबर," तो म्हणाला आणि त्याला हुंदका आवरेना.